शेवटचं बाहेर पडेपर्यंत

१२ एप्रिल १९८७, रविवार. लाटंबार्से.

पोचलो एकदाचे. गडहिंग्लजहून पहाटेची एस.टी., सावंतवाडीला बदल, दोडामार्गला पुन्हा बदल आणि शेवटचे काही मैल कंपनीच्या ट्रकच्या केबिनमध्ये. मांडीवर स्वाती, पायांत पाळण्याचे सुटे दांडे. आंबोलीच्या घाटात या अडीच महिन्यांच्या पोरीने असा सूर लावला की कंडक्टर म्हणाला, वहिनी, आता ड्रायव्हरला हॉर्न वाजवायची गरज नाही.

महेश सहा महिने इथे एकटा होता. (वहीत एकेरी, तोंडाने अहो.) खाणीवर सुपरवायझर, पण अजून टेंपररी. जूनमध्ये कायम करतो असं ऑफिसने सांगितलंय, त्या भरवशावर आम्हाला बोलावून घेतलं. घर कंपनीचंच. तीन खोल्या, मंगलोरी कौलं, पुढे काजूची बाग, मागे पोरसू, म्हणजे परसबाग. खिडकीला इथे जनेल म्हणतात. झोपायच्या खोलीचं जनेल मागच्या डोंगराकडे उघडतं. तिथे पायथ्याला एक जुना बोगदा आहे, पोर्तुगीज अमलात खनिजाच्या शोधात खणलेला आणि माल हलका लागला म्हणून सोडून दिलेला. घरापासून शंभर पावलं. काजूच्या बोंडांचा वास सगळीकडे, गोड आणि जरासा आंबूस. मला आवडला.

कॉलेजात प्राणिशास्त्र होतं तेव्हा रोज निरीक्षणाची वही लिहायचे. लग्नानंतर सवय मोडली. इथे वेळच वेळ आहे. पुन्हा सुरू.

१५ एप्रिल

स्वातीला न्हाऊ घालायला चंद्रावती येते. साठीची असेल. गावातली निम्मी माणसं तिच्या हातून जन्मली. इथे सुईणीला वयजीण म्हणतात. खोबरेल कोमट करून पोरीला अशी मळते की मला बघवत नाही, आणि पोरगी मात्र दोन तास गाढ झोपते.

कोकणी की मराठी हे भाषेचं भांडण नुकतंच मिटलंय, निदान सगळे तसं म्हणतात. दुकानात आधी गप्प राहायचं आणि समोरचा ज्या भाषेत बोलेल तिच्यात मान हलवायची, असं महेशने शिकवलंय. चंद्रावतीकडे तो प्रश्न नाही. तिची कोकणी, माझी मराठी, स्वातीची बोंब. तिघींचं छान चालतं. सकाळी आम्ही पोरसात कपडे वाळत घालत होतो. आत स्वाती रडायला लागली असावी. मला ऐकू येण्याआधीच पान्हा फुटला आणि ब्लाउज भिजला. मी ओशाळले. चंद्रावती हसून म्हणाली, "काना पयलीं आंगाक कळटा, बाये."

२३ एप्रिल

बोगद्यात वटवाघळं आहेत. रोज दिवस मावळला की बाहेर पडतात. आधी एखाददुसरं, मग धुराचा लोट निघावा तशी. मी स्वातीला मांडीवर घेऊन मागच्या पायरीवर बसते. मोजायला काजूच्या बिया घेते; शंभरेक गेली की एक बी डावीकडून उजवीकडे. काल एक्केचाळीस बिया झाल्या.

ही फळं खाणारी मोठी वाघळं नव्हेत. अंगठ्याएवढं अंग, तपकिरी मऊ लव, बोटं मिटल्यावर छत्रीसारखे घडी होणारे पंख. फक्त किडे खातात. तोंडाने आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून किड्याची जागा हेरतात, आणि तो आवाज इतका बारीक असतो की आपल्या कानांना तो नसल्यासारखाच. एवढं मला आठवतं. घरात डास का नाहीत त्याचा उलगडा झाला. चंद्रावतीने बोगद्यातली चिमूटभर लेंडी हातावर चुरून दाखवली. नुसता किड्यांच्या पंखांचा चकचकीत भुगा. गावातले लोक हे सारें, म्हणजे खत, माडांना घालतात. आत ते गुडघाभर साचलंय म्हणे.

ती आणखी एक म्हणाली. आत्ता आत आहेत त्या सगळ्या माद्याच; नर दुसरीकडे कुठेतरी राहतात. तिला हे कसं ठाऊक, तीच जाणे. कॉलेजातल्या आमच्या सरांना पत्र टाकून विचारलंय.

९ मे

चंद्रावती आज पेडण्याकडे हळर्णला गेली. लेकीचे दिवस भरलेत, महिनाभर येणार नाही. जाताना स्वातीच्या पायाच्या तळव्याला काजळ लावून गेली.

बोगद्यातलं खत न्यायचं तिने शिगम्यापासूनच बंद केलं होतं. का, ते विचारलं तर म्हणाली, "तीं कुळारा आयल्यांत." कुळार म्हणजे माहेर. मला वाघळांच्या माहेराचं हसू आलं. मग तेल तापलं, स्वाती रडू लागली आणि विषय तिथेच राहिला.

२२ मे

खाणींच्या सुरक्षेची तपासणी चार जूनला आहे. त्याआधी जुना बोगदा बंद झालाच पाहिजे, असा ऑफिसचा कागद आलाय. दोन वर्षांपूर्वी आत एक म्हैस अडकली होती. काम महेशकडे. त्याने सांगितलं, हे नीट झालं की कायम होण्याचा कागद आलाच म्हणून समज.

मुकादम बाबली हा दोडामार्गकडचा. त्याने उपाय सांगितला : सुक्या मिरच्यांचा धूर करायचा, वाघळं मरतील ती मरतील, मग चिऱ्यांची भिंत घालायची. मी म्हटलं, त्यांची रोजची वेळ ठरलेली आहे. संध्याकाळी शेवटचं बाहेर पडेपर्यंत थांबा, मग भिंत घाला. एकही मरणार नाही, दुसरी जागा शोधतील. महेशला पटलं. बाबलीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "वाघळांक तिकीट काडून देव काय, वैनी?" सगळे हसले, मीही.

२९ मे, शुक्रवार

झालं. आणि छान झालं.

चिरे, सिमेंट, पाणी, सगळं दुपारीच मांडून ठेवलं होतं. मी स्वातीला घेऊन कदेलावर, म्हणजे इथल्या खुर्चीवर, बसले, ओच्यात काजूच्या बिया. सात वाजून आठ मिनिटांनी पहिलं निघालं. एकोणचाळीस बिया. आठला पाच असताना शेवटचं. मग पुरा अर्धा तास थांबलो. बाबलीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, बोगद्याच्या तोंडाशी कान लावला आणि सांगितलं, आत कोणी नाय. पेट्रोमॅक्सच्या उजेडात दहापर्यंत भिंत उभी राहिली, दोन चिरे जाडीची. बाबलीचा कुत्रा तेवढा सगळा वेळ भुंकत होता. महेश म्हणाला, तुझ्या वहीचा हा पहिला उपयोग.

३० मे, शनिवार

आजपासून गोवा राज्य. ऑफिसात पेढे, रेडिओवर भाषणं. पाववाल्या पोदेरानेसुद्धा सायकलला कागदी झेंडा लावला होता.

पहाटे वाघळं परत आली होती. उजाडल्यावर बघते तर भिंत दिसेना. सगळी तिच्यावरच, एकीला एक चिकटून, तपकिरी गोधडी पसरावी तशी. जातील दोन दिवसांत. सवयीचा परिणाम.

एक नवल. रात्रभर मला पान्हा येत होता. स्वाती शांत झोपलेली आणि माझी चादर ओली. तिला उचलून पाजलं, तिने चार घोट घेतले आणि मान फिरवली. तरी थांबेना. वातावरण बदलल्याने असेल.

बाबलीचा कुत्रा भिंतीसमोर बसून रडतोय.

३१ मे

ती गेली नाहीत. दिवसाउजेडी भिंतीवर, उन्हात. काही खाली पडून मेलीत.

जवळ जाऊन पाहिलं. सिमेंटवर पांढरे ओघळ होते. मला वाटलं चुना. बोट लावलं. चुना नव्हता. मेलेली एक उलटी करून पाहिली. काखेजवळची लव घासून गेलेली, स्तन भरून ताठ.

कुळारा आली होती. बाळंतपणाला.

पिल्लं उडत नाहीत. पिल्लं आतच असतात. मी शेवटचं बाहेर पडेपर्यंत थांबायला सांगितलं आणि बाहेर पडल्या त्या आया.

महेशला सगळं सांगितलं. तो उठून भिंत बघून आला. मग म्हणाला, गुरुवारी तपासणी. गुरुवार होऊ दे, शुक्रवारी मी स्वतः पाडतो. मी कोयता घेऊन गेले. चिऱ्यावर ओरखडेसुद्धा उठेनात. बाबलीने हाताला धरून घरी आणून सोडलं. चिडला नाही, उलट आवाज खाली आणून म्हणाला, साहेबाची नोकरी जाईल, वैनी.

पान्हा थांबत नाही. आता कळलं कोणासाठी येतोय.

२ जून

सरांचं कार्ड आलं. सुट्टीला गावी गेले होते, म्हणून उशीर. बारीक अक्षरात दोन्ही बाजू भरल्यात. तुझी सुईण बरोबर सांगते, म्हणतात. या जातीच्या माद्या बाळंतपणासाठी ठरलेल्या एकाच जागी जमतात, पिढ्यान् पिढ्या. एकीला एकच पिल्लू. उघडीनागडी हजारो पिल्लं छताला एकत्र लटकावून आया शिकारीला जातात, आणि परत आल्यावर त्या गर्दीतून प्रत्येक आई आपलंच पिल्लू हुडकते. आधी आवाजावरून, मग तोंडाशी नाक नेऊन वासावरून. दुसऱ्याच्या पिल्लाला पाजत नाही. पिल्लांचं हाक मारणं बरंचसं आपल्या कानांच्या पलीकडचं. दूध मिळालं नाही तर तीन-चार दिवस तग धरतात.

शेवटी लिहिलंय : मे-जूनमध्ये जागेला हात लावू देऊ नकोस. तू तिथे आहेस हे त्यांचं नशीब.

आज चौथा दिवस. पान्हा सकाळपासून कमी झालाय.

३ जून

दुपारनंतर पान्हा नाहीच. कुत्राही भिंतीसमोरून उठून गेला.

संध्याकाळी स्वाती पाळण्यात. हातपाय झाडतेय, तोंड वासलेलं, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. रडतेय. आवाज नाही. मला वाटलं श्वास अडकला. उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या. श्वास चालू. रडणं चालू. आवाज नाही.

जिचा आवाज खाणीपर्यंत जायचा ती.

४ जून, गुरुवार

डिचोलीला डॉक्टरांना दाखवलं. घसा साफ, छाती साफ. रडून रडून बसला असेल, म्हणाले. मलाच झोपेची गोळी लिहून दिली, आणि बाळंतिणीच्या मनावर कधी कधी परिणाम होतो असं महेशला बाजूला घेऊन सांगितलं. मला ऐकू आलं.

परत आलो तर बाबलीचा कुत्रा ओट्यावर झोपलेला. माझ्या कडेवर स्वातीने तोंड उघडलं. कुत्रा ताडकन उठला, कान टवकारले, आणि वर तोंड करून रडू लागला. तिने तोंड मिटलं, तो थांबला. पुन्हा उघडलं, पुन्हा.

महेशनेही पाहिलं. मग म्हणाला, तपासणी चांगली झाली.

५ जून

ऑफिसवाले भिंत पाडायला नाही म्हणतात. साहेबांनी भिंतीचं कौतुक केलं. आता ती कागदावर आहे.

आज त्या आया जनेलाशी आल्या.

अंगावर आल्या नाहीत. जाळीला लटकल्या. स्वाती तोंड उघडते तेव्हा सगळ्यांचे कान एकदम तिच्याकडे वळतात. मी जनेल लावून घेतलं तर कौलांतून आत. हाकलल्या. झाडूने मारल्या. एक मरते, दुसरी तिची जागा घेते. शेवटी हात दुखून बसले. मग पाहिलं त्या काय करतात ते. एक एक उतरते. पाळण्याच्या कडेवर. स्वातीच्या तोंडाशी नाक नेते. हुंगते. निघून जाते. मग पुढची.

पहाटेपर्यंत. एकीलाही ती आपली वाटली नाही.

६ जून

मी स्वातीला पाजायला घेतलं. तिने नाक लावलं. हुंगलं. मान फिरवली.

पुन्हा. पुन्हा तसंच. माझी पोर मला हुंगते आणि तोंड फिरवते. दूध आटलंय. बाटलीलाही नाही म्हणते.

महेश रडला. पहार घेऊन एकटाच गेला भिंतीकडे, रात्रपाळीच्या माणसांनी परत आणला.

७ जून

एक आता जात नाही. पाळण्याच्या दांडीला उलटी. झाडू उचलला की स्वाती तोंड उघडते — मग सगळ्या येतात — म्हणून उचलत नाही.

स्वातीच्या ओठांवर पांढरं. माझं नाही. मला दूध नाही.

चंद्रावती आली, दुपारच्या बसने. कोणी कळवलं नव्हतं. भिंत बघून आली ती तशीच दारात उभी राहिली. मी सांगू लागले — मीच सुचवलं, मरू नयेत म्हणून — तिने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "बाळंतिणीचें दार कोण बंद करता, बाये?"

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.

तिनेच बाबलीला हाताला धरून नेलं. तो तिच्याच हातून जन्मलेला; आईचं माहेर इथलंच. तिला नाही म्हणता आलं नाही. पहारीने एक माणूस जाईल एवढं पाडलं. आतून वास आला. महेश बाजूला जाऊन ओकला. अंधार पडण्याआधीच त्या सगळ्या आत शिरल्या, बराच वेळ शिरत होत्या. नंतर काहीच नाही. चंद्रावती म्हणाली, आता शोधू दे. शोधून झालं की जातील.

पाळण्यावरची गेली नाही.

८ जून

पाळणा रिकामा.

दार आतून लावलेलं. कौल एक सरकलेलं, एकच. त्यातून मूल जात नाही. मूल जात नाही.

महेश पोलिसांना आणायला डिचोलीला. सगळे काजूच्या बागेत शोधतायत. चंद्रावती मला उठू देत नाही.

वासाची तक्रार झाली. ऑफिसचा निरोप — आत चुना टाका, आजच बंद करा.

दुपारी

पान्हा.

पाच दिवसांनी — सगळी साडी भिजली — आहे. जिवंत आहे. पोरसात गेले तर जास्त. बागेकडे वळले तर थांबतो. बोगद्याकडे —

चंद्रावती मागे हाका मारतेय, मी बागेत गेले असं समजून तिकडेच वळली. तिला सांगत बसले तर वेळ जाईल. वही घेतलीय, कोणाला कळावं म्हणून. चुना आणायला गेलेत. भोक मोकळं आहे.

आत

तोंडापासून थोडा उजेड येतो, त्यात लिहितेय. गुडघाभर खत, पाय ओढून काढावा लागतो. छताला पिल्लं. तशीच लटकलेली. नखं सुटली नाहीत. आया त्यांच्यातून फिरतायत — अजून — हुंगतात, पुढे. मला हटवत नाहीत. बाजू देतात.

मला ऐकू येत नाही. पान्ह्यावर चालतेय. डावीकडे कमी. आत जास्त. अजून आत.

हाताला लागतं ते उचलते, तोंडाशी नेते. थंड. पुढचं. थंड.

वास मला कळतो. त्यांच्यासारखा.

काहीतरी गरम —

लुचलं. लुचतंय. जोराने. स्वाती अशीच — वजन कमी वाटतं. अंधारात हात फिरवते, बोटं लांब वाटतात. उजेडात नेऊन बघायला हवं. बघायला हवंच का.

त्या निघाल्या. सगळ्या एकदम, माझ्या डोक्यावरून. म्हणजे दिवस मावळला.

तोंडाशी माणसं. बाबली. पेट्रोमॅक्स. पोरीला सोडून धावता येत नाही, खाली ठेवली तर पुन्हा ओळखणार कशी — पाय निघत नाही —

थांबलेत. मोजतायत. माझ्या पद्धतीने. शेवटचं बाहेर पडेपर्यंत.

हाक मारतेय. तोंड उघडं आहे, घसा फाटतोय. बाबलीने हात वर केला. सगळे गप्प. कान लावतो. बाबली, मी — बाबली —

आत कोणी नाय, म्हणाला.

चिरा बसला. उजेड निम्मा. दुसरा. आता वहीपुरताच — पितेय ती. पिऊ दे.

बाहेर कुत्रा भुंकायला लागला. त्याला ऐकू येतं. तो धावून येतोय, भिंतीला नखं — त्याला ऐकू — बाबली त्याला दगड मा